तृप्तीच्या नावापुढचा नंबर

थंडी? ही कसली थंडी, ताई. थंडी आमच्याकडं होती सकाळी. हरसूलहून पहिली जीप सहाला सुटते, तेव्हा भात कापलेल्या खाचरांवर धुकं असं बसलं होतं की बांध कुठं नि वाट कुठं, कळंना. जीपवाला मान बाहेर काढून गाडी हाकत होता, आणि आत आम्ही अठरा जण एकमेकांना चिकटून, म्हणून काय ती ऊब. त्र्यंबकला ऊन पडलं, पण नुसतं दिसायला पडलं, अंगाला लागंना. इथं नाशकात वारा कोरडा, ओठ फुटतात — म्हणून तुम्ही खिडकी ओढून घेत होता, होय ना? मला वाटलं, मी आलो म्हणून ओढली. नाय नाय, तुम्ही जेवा. जेवणाच्या सुट्टीत काम करा असं मी म्हणतच नाय. अडीचला उघडता ना? मग मी हितंच बाकड्यावर बसतो. फट तेवढी राहू द्या, आवाज जाण्यापुरती. मला घाई नाय. भाताला चार महिने लागतात, कागदाला अर्धा तास लागला तर काय बिघडलं.

तसा साडेनवापासून हाय मी तुमच्या दवाखान्यात. एक नंबरच्या खिडकीवर गेलो, तो माणूस म्हणाला, केसपेपर काढा. मी म्हणलं, मला काय झालं नाय. तो म्हणाला, काय झालं नाय तर आलात कशाला? मी म्हणलं, तेच सांगायला आलो — काय झालं नाय हे सांगायला. हसला बिचारा. चांगला माणूस. त्यानं दोन नंबरला पाठवलं, दोननं चारला, आणि चार नंबरच्या बाईंनी हा कागद उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाल्या, बाबा, हे कोडिंगचं काम, रोगाचे नंबर टाकायचं, वरच्या मजल्यावर श्यामला मॅडमकडं जा. चढलो जिना. श्यामला मॅडम तुम्हीच ना? मला वाचता येत नाय, पण गळ्यात फोटोवाला पट्टा हाय, त्यावरून म्हणलं मॅडम तुम्हीच. फोटोत तुम्ही हसताय.

तर आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे अडीचला तुमचा वेळ वाचेल. मी रावजी. हरसूलच्या पुढं, घाटाच्या अंगाला आमचं घर. घरात मी, म्हातारी तानुबाई, सून तृप्ती आणि तिची चार वर्षांची पोरगी. मुलगा मयूर इथं अंबडला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि तुमच्या दवाखान्याची गाडी आली आमच्या शाळेत — बायकांची तपासणी, फुकट. ती गर्भपिशवीच्या तोंडाची, कॅन्सर हाय का नाय ते बघायची. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाय हे बोलणं, पण सकाळपासून तीन खिडक्यांवर बोललो, तेवढ्यात लाज झिजली. बाया जाईनात. कशा जातील? शाळेच्या वर्गात पडदा लावलेला, फळ्यावर पाढे लिहिलेले, आणि तिथं झोपायचं. सुमनबाई, आमच्या आशाताई, दारोदार फिरल्या. मग मीच म्हणलं तृप्तीला — जा बाई, शिकलेली हायस तू, तू गेलीस तर बाकीच्या जातील. दहावी झालीय ती. ती गेली. शेजारची नवसाबाई तिच्याबरोबर गेली, मग एकीच्या मागं एक. माझं ऐकून गेली हो ती. हे लक्षात ठेवा. मी पण ठेवलंय.

पंधरा दिवसांनी सुमनबाई हा कागद घेऊन आल्या. तृप्तीनं ओट्यावर उभं राहून वाचला. म्हणाली, आबा, नॉर्मल हाय. नॉर्मल मला कळतं, बाळंतपणात पण नॉर्मलच म्हणतात. मी म्हणलं, बरं झालं. कागद तिनं पत्र्याच्या पेटीत टाकला आणि नागली दळायला घेतली. संपलं. संपायलाच पाहिजे होतं ना? माणसाला काय झालं नाय, तर त्याची गोष्ट तिथं संपते. पण तुमच्याकडं नाय संपत. तुमच्याकडं काय झालं नाय त्याचा पण नंबर असतो.

हे मला चार नंबरच्या बाईंनी समजावलं. लय प्रेमानं समजावलं, खुर्ची पण दिली. म्हणाल्या, बाबा, आमच्या कॉम्प्युटरात एक चौकोन असतो, रोगाचा. तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढं जात नाय. मी म्हणलं, रोग नसला तर? म्हणाल्या, तरी भरायचा. मी म्हणलं, म्हणजे आमच्या तलाठ्यासारखंच हे, त्याच्या कागदात पण पडीक जमिनीपुढं पीक लिहायला लागतं. त्या म्हणाल्या, नाय, तसं नाय, तपासायला आली होती आणि ठीक निघाली, याचा वेगळा नंबर हाय. चांगला नंबर हाय. फक्त तो टाकायचा राहिला. त्याच्या जागी, ज्या रोगासाठी तपासलं, त्या रोगाचाच नंबर पडला. पडला! जसा काय झाडावरून पडला. कुणी टाकला असं नाय म्हणाल्या. मी पण नाय विचारलं. तुम्ही लोणचं घ्या ना, डब्यातच राहिलंय.

मी आपला विचार करत बसलो — असं कसं होईल? मग कळलं मला. माझ्या डोक्याला कळेल असं सांगतो, चुकलं तर सांगा. समजा कुत्रं भुंकलं, मी बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो, बिबट्या आलाय का बघायला. बिबट्या नव्हता. गाय रवंथ करतेय, वासरू झोपलंय. मी परत येऊन गोधडीत शिरलो. आणि सकाळी तुम्ही आलात नि वहीत लिहिलं — रावजीला बिबट्यानं खाल्लं. का? तर म्हणे, बिबट्याच बघायला गेला होता ना? मग बिबट्याच लिहिणार. बरोबर हाय का नाय? हसा, हसा. हसलात तर घास उतरतो.

नंबर मला पाठ हाय. आकडे येतात मला, हरसूलच्या बाजारात उभी हयात वजनकाट्यापुढं गेली. अक्षरं नाय येत. तर आधी विळ्यासारखं अक्षर, वाकडं, मग पाच, मग तीन. चांगला नंबर कुठला, तो पण त्या बाईंनी हातावर काढून दाखवला: घाटातल्या वळणासारखं अक्षर — असं आडवं, मग तिरकं खाली, मग परत आडवं — मग बारा, टिंब, चार. लांब नाय. बोटाला काही जास्त कष्ट नाय. विळ्याच्या जागी वळण काढायचं. तुम्ही दिवसाला किती भरता असे? दोनशे? तीनशे! मग बरोबर हाय, हात आपोआप जात असेल. आमच्या बायांचे पण लावणीच्या दिवसांत तसेच जातात, संध्याकाळी विचारलं आज कुठलं खाचर लावलं, तर सांगता येत नाय. पण रोप उलटं लावलेली बाई मी अजून बघितली नाय.

एक विचारू? रागवू नका. तुम्ही केली का ही तपासणी? ... नाय. वेळ नाय मिळाला. असू द्या. करा कधीतरी. आणि केलीत की तुमच्या नावापुढचा चौकोन तुम्हीच भरा, दुसऱ्याला देऊ नका.

मग काय, कागद पेटीत पडला होता, त्याच्या खालच्या कोपऱ्यात तो विळा होता, आणि कुणी बघितला नव्हता. पण शिबिरात तृप्तीनं मयूरचा फोन नंबर दिला होता. त्याला मेसेज आला. नाव तृप्तीचं, तारीख शिबिराची, पुढं तो विळा नि पाच नि तीन, आणि खाली, पुढील उपचारासाठी संपर्क साधा. मयूरनं तो नंबर मोबाईलमध्ये घालून बघितला. हल्लीची पोरं बापाला नाय विचारत, मोबाईलला विचारतात. मोबाईलनं सांगितलं, कॅन्सर. दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या गेटवरून मला फोन केला त्यानं. रडत होता. मोठा बाप्या, रडत होता. म्हणाला, आबा, तृप्तीला ते झालंय, तिला सांगू नका, मी रविवारी येतो.

सांगू नका म्हणाला. मी नाय सांगितलं. तोंडानं नाय सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बाबा, तो काही लागट रोग नाय. आता मला माहीत हाय. सुमनबाईंनी चित्र दाखवून सांगितलं, हरसूलच्या सरकारी डॉक्टरनं सांगितलं, चार नंबरच्या बाईंनी सांगितलं, एक तुम्ही तेवढ्या राहिल्यात. पण त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नाय. घरात लहान पोर. मी काय केलं? काय नाय केलं. फार काय नाय. हंड्यावरचा तांब्या तेवढा वेगळा ठेवला. तृप्तीला म्हणलं, हा तुझा. ती म्हणाली, का, आबा? मी म्हणलं, असंच. मग ताट. मग नातीला म्हणलं, आजपासून तू आजीजवळ झोपायचं. पोरगी रडली. लहान पोरं रडतातच. तृप्तीनं ओळखलं, हे त्या तपासणीवरून चाललंय. मग पेटी उघडली तिनं, कागद काढला, माझ्यापुढं धरला आणि एका एका अक्षरावर बोट ठेवून वाचला, पोराला शिकवतात तसा. आबा, हे बघा, नॉर्मल. इथं लिहिलंय. मी तिच्या बोटाकडं बघितलंच नाय. तेव्हा तेवढं तोंडातून गेलं, मग मेसेज कशाला आला? मोठ्या दवाखान्याचा मेसेज हाय, ते काय उगाच पाठवतील?

बघा, तुमच्यावर केवढा विश्वास. घरातलं माणूस समोर उभं राहून सांगतंय मी बरी हाय, आणि मी विश्वास ठेवला तुमच्या बोटावर. तुमचं बोट बघितलं पण नव्हतं मी. आज बघतोय. नखाला रंग लावलाय, छान हाय.

त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तृप्तीचं ताट मी ओट्यावर ठेवायला लावलं. ती गुपचूप जाऊन बसली. तानुबाईनं आपल्या ताटात भात वाढून घेतला, माझ्यापुढून उठली, आणि ओट्यावर सुनेशेजारी जाऊन बसली. तिच्या ताटातली चटणी घेतली, तिच्या तांब्यातलं पाणी प्याली, माझ्याकडं बघत. मी आत एकटा. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, मी कधी एकटा जेवलो नव्हतो. तेव्हापासून म्हातारी बोलत नाय माझ्याशी. भाकरी टाकते, पाणी देते, बोलत नाय. मी म्हणतो, आज गार हाय. ती गाईला म्हणते, आज गार हाय.

तिसऱ्या दिवशी मी तृप्तीला म्हणलं, घोटीला जाऊन ये. तिचं माहेर हाय तिथं, भाऊ हाय संतोष, भाताच्या मिलवर कामाला. म्हणलं, थोडे दिवस आराम कर. मयूर यायचा होता रविवारी, मी शनिवारीच पाठवलं. मी स्वतः जीपमध्ये बसवून दिलं. पोरगी ठेवून घेतली आमच्याकडं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, पदर नीट केला. जीप सुटताना एवढंच म्हणाली, आबा, गाईला दोन दिवसांनी मीठ चाटवा, तुम्ही विसरता. आणि बघा, गाईच्या कानात पण सरकारनं पिवळा बिल्ला मारलाय, नंबराचा. केवढा लांब नंबर! त्या नंबरावरून मी गाईला गोठ्याबाहेर नाय काढलं.

रविवारी मयूर आला. कागद घेऊन हरसूलला डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं वाचला आणि म्हणाला, हिला काय झालेलं नाय, हा नंबर चुकून टाकलाय, मोठ्या दवाखान्यातून बदलून घ्या. म्हणजे कधी कळलं? सतरा-अठरा दिवस झाले. मग गेलो का मी तिला आणायला? नाय गेलो. मयूर गेला. ती त्याला म्हणाली, तू नाय मला जीपमध्ये बसवलं. ज्यांनी बसवलं त्यांनी यावं. बास. भांडली नाय, रडली नाय. आता मला सांगा, सासऱ्यानं सुनेपुढं जाऊन काय बोलायचं? आमच्यात नाय तसं. मी पाया पडून घेतलेत तिच्याकडून, मी काय बोलू? तोंडच उघडत नाय. म्हणून म्हणलं, कागद नेऊ. कागद पुढं करीन. ती वाचील. मी आपला खाली बघीन. दवाखान्याचीच चूक होती, आता दवाखान्यानंच सुधारली, चल घरी. असं.

कुणी मागितला? कागद? ... कुणी नाय मागितला. ती तर पहिल्या दिवसापासून सांगतेय, तिला कशाला लागतो? संतोषनं पण नाय मागितला. पण रिकाम्या हातानं कसं जाऊ, ताई? ... तुम्ही जेवा. पोळी गार होतेय.

वाजले अडीच? उघडली खिडकी. हा घ्या कागद. जपून, घडीवर फाटलाय, लय वेळा उघडलाय म्हणून. तृप्ती मयूर — हां, तेच नाव. हरसूल शिबिर. दिसतेय का? दिसतोय ना विळा? ... बदलला? एवढ्यात? मी मोजत होतो, पाच वेळा बोट वाजलं तुमचं. जीपचे सत्तर, बसचे वेगळे, आणि पाच वेळा बोट! छान. छापा आता. शिक्का पण मारा, गोल असेल तर गोल. दाखवा. आडवं, तिरकं, आडवं. बारा, टिंब, चार. बरोबर हाय. किती सुंदर अक्षर, ताई. सही डॉक्टरांची ना? तेव्हा पण त्यांचीच होती. त्यांनी बघितलं असेल. आज पण बघितलं असेल.

येतो मग. महामार्ग स्टँडवरून घोटीची गाडी मिळते ना अजून? तासाभराची वाट. उजेड हाय तोवर पोचतो.

काय झालं? अशा का बघताय कॉम्प्युटरात? ... हां. खाली पण विळा. त्याच्या खाली पण विळा. पूर्ण यादीला? एक्केचाळीस? ... नाय, मी नाय दचकलो. तुम्हीच दचकलात. करा, बदला सगळे, एकदम बदलता येत असतील तर एकदम बदला.

काय म्हणालात? एक्केचाळीस जणींना तोच मेसेज गेला असणार, मग बाकीच्या चाळीस घरांतून कुणीच कसं आलं नाय?

बसतो जरा. जिना उतरायचाय.

कालच मला कळलं ते. मी नवसाबाईच्या अंगणात गेलो होतो, म्हणलं, उद्या नाशिकला जातोय, तृप्तीचा नंबर बदलून आणायला. ती नागली पाखडत होती. सूप नाय थांबवलं तिनं. म्हणाली, "रावजीबाबा, तो नंबर आमच्या फोनवर पण आला होता. पोरानं वाचून दाखवला. आमच्या मालकांनी विचारलं, मग आज भाकरी कोण टाकणार? मी म्हणलं, मीच. एवढंच झालं आमच्या घरात."